रुमालाखाली

वायकोळे सर म्हणाले, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत
आकडा पाकिटात घालून द्या,
तिघांनाही हेच सांगितलंय.

जामनेर रोडच्या मागच्या गल्लीतलं घर.
दोन खोल्या, गच्ची,
आणि अंगणाखाली अकरा हजार लिटरची टाकी.
भुसावळात नळ दहा दिवसांनी येतो,
इथे घर बघायला आलेला माणूस
आधी टाकीचं झाकण उचलतो,
मग देवघर कुठे ते विचारतो.

पहिला सावद्याचा केळीवाला, सगळं रोख देणारा.
दुसरा दातांचा डॉक्टर.
त्याने भिंतीतल्या भेगेत
पाच रुपयांचं नाणं सरकवून दाखवलं,
आणि त्या नाण्यावर दीड लाख कमी करून मागितले.
काळ्या मातीवरचं घर, भेग पडणारच.
मी पाहिली. बोलले नाही.

हेमराज मालगाडीवरून पहाटे आला,
डबा तसाच ठेवून कॅल्क्युलेटर घेऊन बसला.
बँकेचं पत्र, पीएफ, माझ्या पाटल्या,
सासूबाईंनी न विचारता पुढे सरकवलेली पोत.
एकोणचाळीस. साडेएकोणचाळीस.
चाळीसच्या पुढे नुसता अंधार.
अप लाइनवरून काहीतरी जड गेलं,
मांडणीवरचे पेले किणकिणले,
त्याने आकडा खोडला
आणि खाली परत तोच लिहिला.

आप्पांना फोन केला.
आप्पा पस्तीस वर्षं वरखेडीच्या बाजारात बैलांचे दलाल,
भाव तोंडाने कधी बोलले नाहीत.
खांद्यावरचा रुमाल समोरच्याच्या हातावर पडायचा,
आत बोटं धरली जायची,
चार बोटं, एक बोट, अर्ध्या पेरावर दाब,
आणि वर दोघांचे चेहरे असे
जणू कुणाच्या तरी लग्नाची तारीख आठवतायत.

"आकडा तं सगळ्याइजवळ राह्यतो, पोरी.
इकनाऱ्याले काय पाह्यजे, ते पाह्य आधी.
कोनाले पैसा पाह्यजे,
कोनाले बैल घरून जाताना
पोरगं शाळेत असलं पाह्यजे."

मग मी पुन्हा गेले, पडद्यांचं माप घ्यायचं म्हणून.
अजून घर नाही, आणि पडदे!
सरांनीच टेपचं दुसरं टोक धरलं.
फ्रिजवर दहावीचं वेळापत्रक,
भूमितीच्या पेपरला लाल गोल.
मुलाचे पुण्यात हप्ते सुरू झालेत,
नात मात्र बालवाडीपासून इथलीच.
कुमुदिनीबाई चहा ठेवता ठेवता म्हणाल्या,
केळीवाल्यांना पंधरा दिवसांत ताबा हवाय.
एवढंच. बशी पुसत आत गेल्या.

पाकिटात लिहिलं:
चाळीस लाख अकरा हजार.
ताबा शेवटच्या पेपरनंतर, तुम्ही म्हणाल तेव्हा.
तोवर भाडं नको.
भेगेचं आमचं आम्ही बघू.
वरचे अकरा हजार कुठून, हेमराजने विचारलं.
मी पाकिटाला डिंक लावत राहिले.

सोमवार गेला. मंगळवार गेला.
बुधवारी नळ आला, बादल्यांची रांग लावली,
आणि ओल्या हातात फोन वाजला.
तुमचा आकडा दुसरा आहे, सर म्हणाले.
मग बराच वेळ काही नाही.
बादली भरून वाहायला लागली,
मला नळ बंद करायचं सुचेना.
मग म्हणाले, इसाराला कोण कोण येताय?

सह्या झाल्या. पेढा फिरला.
आप्पांनी सवयीने रुमाल झटकला,
सरांच्या हातावर टाकला, आत हात घातला.
सर जन्मभर गणित शिकवलेले,
बैलबाजाराची पायरी न चढलेले,
हात काढून घेतील असं वाटलं.
घेतला नाही.
रुमाल जरासा हलला,
मग बराच वेळ हलला नाही.

स्टँडवर एसटीची वाट बघताना विचारलं,
आप्पा, बोटं किती दाबली?

"एकबी नही.
त्याचा हात कापत व्हता,
म्हनून नुसता धरला."